स्विच बुडाला तरी त्याचे कॉन्फिगरेशन वाचले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की कृष्णाकाठच्या संस्था दप्तर आणि संगणक वरच्या मजल्यावर हलवतात, पण तळमजल्यावरच्या रॅकमधील, सारे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्क स्विचकडे कोणाचे लक्ष जात नाही. यंत्र नवे मिळेलही. परंतु कोणता पोर्ट (केबल जोडण्याची जागा) कोणत्या विभागाचा, तो कोणत्या व्हीलॅनमध्ये (एकाच जाळ्यातल्या वेगळ्या आभासी कप्प्यात) आणि तिथून कुठवर वाट मोकळी, हे त्यातले कॉन्फिगरेशन विकत मिळत नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट असताना पाणी 57 फुटांवर गेले. पूर ओसरल्यावर एका पतसंस्थेत आम्ही गेलो, तेव्हा स्विचच्या पोर्टांत गाळ घट्ट बसला होता. नवे स्विच दुसऱ्याच दिवशी आले; जुन्या कॉन्फिगरेशनची प्रत मात्र बुडालेल्या यंत्रांखेरीज कुठेच नव्हती आणि ते लिहिणारा मुलगा केव्हाच पुण्याला गेला होता. ओल्या फरशीवर खुर्ची टाकून, कन्सोल केबल जोडून, एकेक पोर्ट आठवून भरण्यात तीन दिवस गेले. त्यातही एका व्हीलॅनचा क्रमांक चुकला, त्यामुळे पासबुकाचा प्रिंटर चौथ्या दिवशी दुपारपर्यंत चालला नाही. मदतीची रक्कम जमा झाली का, हे पाहायला आलेली माणसे तोवर रांगेत उभी होती. ती रांग मी अजून विसरलेलो नाही.

हे टाळण्याची सोय बहुतेक चांगल्या स्विचमध्ये आधीपासून असते. चालू होताना स्वतःजवळ जतन केलेले कॉन्फिगरेशन नसेल, तर नवा स्विच डीएचसीपीने, म्हणजे यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते आपोआप वाटणाऱ्या पद्धतीने, पत्ता मागतो. सर्व्हर त्याला पत्त्याबरोबरच पर्याय क्रमांक 66 आणि 67 मधून कॉन्फिगरेशनची फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे आणि तिचे नाव काय, हेही कळवतो, आणि स्विच ती फाइल उतरवून घेऊन कामाला लागतो. प्रत्येक स्विचची फाइल त्याच्या सीरियल नंबरवरून आधी तयार ठेवली, तर रॅकमध्ये बसवणाऱ्या माणसाला वीज आणि केबल जोडण्यापलीकडे काही करावे लागत नाही. मात्र नव्या स्विचची मागणी व्हीलॅनची खूण न लावता येते, म्हणून वरच्या स्विचच्या पोर्टवर तिला डीएचसीपी सर्व्हरपर्यंत वाट ठेवावी लागते. हे राहून गेले की यंत्र नुसतेच पत्ता मागत बसते. शिवाय सर्व्हरजवळचा पहिला स्विच हातानेच उभा करावा लागतो.

या सोयीत धोकाही आहे आणि तो लपवून तिची शिफारस करणे मला योग्य वाटत नाही. फाइल पोहोचवणारा टीएफटीपी हा जुना प्रोटोकॉल नाव किंवा पासवर्ड विचारत नाही आणि सारे उघडेच पाठवतो. सिस्को या स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या स्मार्ट इन्स्टॉल या अशाच सोयीचा 4786 क्रमांकाचा पोर्ट (इथे केबलची जागा नव्हे, तर संदेश आत येण्याचे क्रमांकित दार) इंटरनेटवर उघडा राहिल्यामुळे एप्रिल 2018 मध्ये रशिया आणि इराणमधील अनेक स्विचचे कॉन्फिगरेशन पुसले गेले. म्हणून हे काम बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेल्या वेगळ्या व्हीलॅनमध्येच करावे आणि उभारणी झाल्यावर ती सोय बंद करावी. स्विचने सर्व्हरची ओळख तपासूनच फाइल स्वीकारावी, अशी पद्धत 2019 च्या आरएफसी 8572 या इंटरनेटच्या तांत्रिक मानकात दिलेली आहे. नव्या खरेदीत तिचा आग्रह धरता येईल.

आपल्या वृत्तपत्राद्वारे जिल्ह्यातील पतसंस्था, महाविद्यालये आणि नगरपालिकांना माझी विनंती आहे की, स्विच खरेदीच्या निविदेत स्वयंचलित उभारणीची अट घालावी आणि प्रत्येक बदलानंतर कॉन्फिगरेशनची प्रत आपोआप सर्व्हरवर जाईल, असे देखभालीच्या करारात लिहून घ्यावे. त्या सर्व्हरची दुसरी प्रत नदीपासून दूर, जतच्या किंवा विट्याच्या शाखेत ठेवावी. आणि यंदा पाणी चढण्याआधी एखादा जुना स्विच पूर्ण कोरा करून, तो स्वतःहून उभा राहतो का, हे एकदा करून पाहावे.

आपला,
नेटवर्क देखभाल करणारा एक तंत्रज्ञ
विश्रामबाग, सांगली