होडीच्या इंजिनाला पाण्याचा काटा

देवबाग, ता. मालवण
२० सप्टेंबर

प्रिय सुधीर,

तुझा फोन आला तेव्हा मी खाडीत होतो, होडीत माणसं होती, म्हणून नीट बोलणं झालं नाही. दाभोळच्या खाडीत चालवायला तू स्वतःची होडी घेतलीस, ऐकून फार बरं वाटलं. इंजिनही माझ्यासारखंच, ४० घोड्यांचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं. तू विचारलंस, मागून पाण्याची धार येतेच आहे, मग इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या प्रेशरचं मीटर कशाला? मीही हेच म्हणायचो आणि ते मला महागात पडलं, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. इथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी एवढं उतरतं की पंखा वाळू घुसळत जातो. तीच वाळू पाण्याबरोबर इंजिनाला थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या पंपात शिरते. सबंध सीझन मी तसाच काढला. सकाळी इंजिन सुरू केलं की वाकून धार बघायची, आली की निघायचं. एका दुपारी आठ पर्यटक घेऊन भोगव्याकडून परत येत होतो. लहान मुलं होती, ऊन चढलं होतं, म्हणून थ्रॉटल पूर्ण दिलेला. अलार्म वाजला आणि मी इंजिन बंद केलं, पण तोवर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, गेलं होतं. दुसऱ्या होडीने ओढून किनाऱ्याला आणलं. त्या मुलांच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

मिस्त्रींनी खालचा गिअरकेस उतरवून इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, माझ्या हातावर ठेवला. रबराच्या सहा पाकळ्या, सगळ्यांची टोकं झिजून गुळगुळीत झालेली, एक मुळापासून तुटलेली. ज्या स्टीलच्या वाटीत तो फिरतो तिच्यात नखाला लागतील असे चरे. मिस्त्री म्हणाले, "धार दिसता म्हणान पाणी पुरता असा नाय." धार म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचा एक बारीकसा फाटा. पंप अर्धा मेला तरी तेवढं पाणी सुटतं. उलटही होतं. पावसाळ्यात होडी झापाखाली असताना कुंभारीण माशीने धारेच्या भोकात मातीचं घर केलं, की पंप ठणठणीत असूनही धार बंद. तेव्हा तंगसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचा, तुकडा आत घालून फिरवायचा.

अलार्म आहे ना, असं म्हणशील. अलार्म धातू तापल्यावर वाजतो. प्रेशर त्याच्या आधी पडतं, आणि मधल्या त्या वेळातच इंजिन वाचतं.

आता जोडणी. मीटर साधं, यांत्रिक घे, ० ते ३० पीएसआयचं (पीएसआय म्हणजे दाबाचं माप). त्याला विजेची गरज फक्त दिव्यापुरती. जोड कुठे द्यायचा, हे इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघ. बऱ्याच इंजिनांच्या ब्लॉकला यासाठी १/८ इंची आट्यांचा प्लग, म्हणजे बूच, दिलेला असतो. धारेच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकून काम उरकू नकोस. ती नळी पुढे उघडीच असते, काटा जेमतेम हलतो आणि त्यावरून काही ठरवता येत नाही.

जुना प्लग मिठाने धरलेला असणार. माझा रात्रभर तेलात भिजवला, सकाळी इंजिन जरा गरम करून बंद केलं आणि मग पाना लावला. तेव्हा कुठे 'कट्' असा आवाज करून सुटला. जोर करू नकोस. ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे, आटे गेले तर दुखणं वाढेल. नवीन निपलच्या (मीटरची नळी जोडायच्या तोटीच्या) आट्यांना समुद्राच्या पाण्यात चालणारा सीलंट लाव, पहिला आटा कोरा सोड म्हणजे कचरा आत जाणार नाही. हाताने बसेल तितका बसव आणि पान्याने थोडासाच आवळ.

नळी पाव इंची नायलॉनची. टोक धारदार पात्याने सरळ काप, पक्कडीने चेपलंस तर तिथूनच गळेल. स्टिअरिंगच्या आणि थ्रॉटलच्या केबली जातात त्याच वाटेने ती पुढे आण, पण इंजिन दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि वर उचलून बघ, कुठे ताणते का ते. फ्लायव्हीलपासून दूर बांध. नळीत हवा अडकून राहते, पाणी मीटरपर्यंत पोचत नाही. त्याने काही बिघडत नाही, दाब हवेतूनही पोचतो. काढलेला जुना प्लग मात्र टाकू नकोस. नळी समुद्रात तुटली तर भोक बंद करायला तोच लागेल.

अंगणात नळाचं पाणी लावून दिसेल तो आकडा धरू नकोस. होडी पाण्यात उतरव, इंजिन गरम होऊ दे आणि वहीत लिही. माझं आयडलला (इंजिन नुसतं चालू असताना) १-२, ३००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ८, ५००० ला १४. तुझे आकडे वेगळे येतील, पण ते तुझ्या इंजिनाचे असतील आणि पुढे सगळं त्यांच्याशीच ताडून बघायचं. महिन्यामहिन्याने थोडं थोडं उतरत गेलं तर इंपेलर झिजतोय. काटा थरथरला तर इंजिन फार वर ट्रिम केलंय, म्हणजे कलतं उचललंय, पाण्याबरोबर हवा खेचली जातेय. नेहमीपेक्षा वर गेला तर 'वा, पंप जोरात आहे' म्हणून खूश होऊ नकोस. पुढे थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाणी सोडणारी झडप) अडकलाय किंवा मिठाने वाटा बुजल्यात.

गेल्या डिसेंबरात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूने येत होतो. काटा १२ वर होता, बघता बघता शून्यावर आला. इंजिन तिथल्या तिथे बंद केलं, वर उचललं. पाणी शिरायच्या जाळीवर दुधाची पिशवी चिकटून बसली होती, इतकी घट्ट की बोटांनी सोलून काढावी लागली. परत सुरू केलं, काटा १२ वर. अलार्म वाजलाच नव्हता. होडीतल्या माणसांना काय झालं ते कळलंही नाही.

तुझ्या होडीचा इंपेलर शेवटचा कधी बदलला, हे विकणाऱ्याला विचार. नीट सांगता आलं नाही तर आधी इंपेलर नवा टाक, मग मीटर बसव, नाहीतर झिजलेल्या पंपाचेच आकडे वहीत जातील. वाशिष्ठीचा गाळ माझ्या वाळूपेक्षा बारीक आहे, पण तोही पंपात जाणारच.

दिवाळीच्या आधी दोन दिवस मोकळा आहे, बोलावलंस तर पाने घेऊन येतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पहिल्या फेरीचे आकडे कळव.

तुझा,
दिगंबर