कमी रनिंगची जुनी आय-टेन घेताना

संपादक महोदय,

शहरात फिरवायला स्वस्तातली गाडी म्हणून पहिल्या पिढीच्या ह्युंदाई आय-टेनला अजून मागणी आहे. गल्लीबोळात वळते, सुटे भाग सहज मिळतात, नाक्यावरच्या गॅरेजवाल्यालाही ती पाठ असते. पण जाहिरातीत ‘सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, फक्त 38 हजार रनिंग’ असे दिसले की लोक पुढचे काही विचारतच नाहीत. मीटर मागे फिरवलेले नसले, तरी बारा-पंधरा वर्षांच्या गाडीत रनिंगपेक्षा वय जास्त बघायला हवे. रबर उभ्या गाडीतही कडक होते, चिरते.

आधी आरसीवर सीसीचा आकडा पाहावा. 1086 असेल तर ते सँट्रोच्या घराण्यातले 1.1 लिटरचे इंजिन. त्यात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा रबरी पट्टा असतो. 1197 असेल तर ‘कप्पा’ नावाचे 1.2 लिटरचे इंजिन, त्यात बेल्टऐवजी चेन. बेल्ट साधारण 60 ते 80 हजार किलोमीटरला किंवा पाच-सहा वर्षांनी, जे आधी होईल तेव्हा बदलायचा असतो. गोम इथेच आहे: गाडी कमी चालली म्हणून किलोमीटर भरले नाहीत, आणि वर्षे कोणी मोजली नाहीत. असा बेल्ट चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनाचे हेड (वरचा भाग) उतरवण्याची पाळी येऊ शकते. बदलल्याचे बिल दाखवले नाही तर बदललेला नाही असेच धरावे, आणि नवा टाकताना तो ताणून धरणारे टेन्शनर व आयडलर बेअरिंगही बदलून घ्यावे. चेनला ही कटकट नाही. मात्र ऑइल वेळेवर बदलले नसेल तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला चेनची खळखळ ऐकू येते. म्हणून गाडी बघायला जाताना ‘आधी स्टार्ट करून ठेवू नका’ असे विकणाऱ्याला सांगावे आणि पोचल्यावर बॉनेट गार आहे ना, हे हात लावून पाहावे.

दुसरी खोड इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची. गाडी उभी ठेवून, इंजिन चालू असताना स्टिअरिंग डावी-उजवीकडे जेमतेम दोन बोटे हलवावे. टक-टक आवाज आला, तर बहुधा मोटरजवळची छोटी रबरी कपलिंग झिजलेली असते. हा भाग काही शे रुपयांचा. पैसे जातात ते कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा, उतरवण्याच्या मजुरीत. काही ठिकाणी यासाठी थेट अख्खा कॉलम बदलायला सांगतात, तेव्हा आधी कपलिंगचे विचारावे. खड्ड्यातून जाताना पुढून येणारा खडखडाट वेगळा. तो सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मच्या बुशचा किंवा स्ट्रट माउंटचा असतो आणि आपल्या स्पीडब्रेकरांच्या कृपेने सगळ्याच छोट्या गाड्यांत येतो. त्यावर भाव पाडून घ्यावा, गाडी नाकारू नये.

एसी गाडी उभी ठेवून वीस मिनिटे चालवावा. ‘गॅस भरला की झालं’ यावर विश्वास नको. कूलिंग कॉइल गळत असेल तर ती काढायला डॅशबोर्ड सोडवावा लागतो. क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढले आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट गेली. टायरवर तो कधी बनला याचे चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, जुना टायर जुनाच. कोकण-मुंबईची गाडी असेल तर डिकीतली स्टेपनी उचलून खालचा पत्रा गंजला आहे का बघावा आणि पायाखालचे कार्पेट ओलसर लागते का तेही.

आता कागद. 2010-11 च्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी 2025-26 मध्ये संपते. नूतनीकरणाचे शुल्क आणि महाराष्ट्रातला पर्यावरण कर कोण भरणार, हे टोकन देण्याआधीच ठरवावे. पासिंग (नूतनीकरणासाठीची आरटीओ तपासणी) झालेले नसेल तर तो खर्च सौद्यातून वजा करून घ्यावा. कर्जाची नोंद आरसीवरून उतरलेली आहे ना, हे पाहूनच मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्याव्यात.

– एक वाचक, चिंचवड