खांदेमळणीच्या संध्याकाळी लिहिलेले पत्र

प्रिय मुली,

प्रभूच्या नावाने तुला, जावईबापूंना आणि आपल्या छोट्याला सप्रेम आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मला नीट बोलता आले नाही. "बाबा, मी दमले नाही, मी संपले आहे," असे तू म्हणालीस, आणि पुढे बराच वेळ आपण दोघेही गप्प होतो. जावईबापूंची नोकरी जाऊन सहा महिने झाले, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्यात तुला रात्रपाळीला जोडून दुसरी पाळी करावी लागते. हे सगळे मला ठाऊक होते, परंतु तू ते एकापाठोपाठ एक सांगितलेस तेव्हा त्याचे खरे वजन माझ्या लक्षात आले. फोन ठेवण्यापूर्वी तू हळूच आणखी एक गोष्ट सांगितलीस. दोन रविवार तू उपासनेला गेली नाहीस, प्रार्थनेला बसलीस तर शब्द सुचत नाहीत, आणि आता देवासमोर जायला तोंड उरलेले नाही असे तुला वाटते. बाकीच्या अडचणींपेक्षा या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडवली, म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे.

आज गावात खांदेमळणी आहे. उद्या पोळा. शेजारच्या वाड्यात बैलांना धुऊन आणले आहे, आणि त्यांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळण्याचे काम चालू आहे. ट्रॅक्टर आल्यापासून नेवासे तालुक्यात बैलजोड्या थोड्याच राहिल्या आहेत, पण ज्यांच्या दावणीला त्या आहेत ते आजचा दिवस चुकवीत नाहीत. तुझे पणजोबा आणि आजोबा ख्रिस्ती असूनही खांदेमळणी कधी चुकवीत नसत. पोळ्याची पूजा आपल्या घरी होत नसे, परंतु खांदे मळणे ही पूजा नव्हे, ते ऋण आहे, असे आजोबा म्हणत, आणि लगेच निर्गमाच्या पुस्तकातील ती आज्ञा सांगत, जिच्यात सातव्या दिवशी काम बंद ठेवण्याचे कारण असे दिले आहे की तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, आणि तुझ्या दासीचा मुलगा व उपरी यांचा जीव ताजातवाना व्हावा. ज्या देवाने बैलाच्या विसाव्याची तरतूद आज्ञेत करून ठेवली, तो रात्रभर वॉर्डात उभी राहून आलेल्या माझ्या मुलीला रविवारी सकाळी झोप लागली म्हणून रागावेल, हे माझ्याने मानवत नाही.

उपासना सोडून दे असे मी म्हणत नाही. मंडळीत जाणे, सर्वांबरोबर गीत गाणे आणि प्रभुभोजनात भाग घेणे यांची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही, हे तू लहानपणापासून माझ्या तोंडून ऐकत आली आहेस आणि माझे मत बदललेले नाही. माझे म्हणणे एवढेच की त्या दोन रविवारांची झोप पापांच्या हिशेबात लिहू नकोस. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठव. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा माणूस दुसऱ्याच अध्यायात ईजबेल राणीच्या धमकीने जीव मुठीत धरून पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि "आता पुरे झाले" असे देवाला म्हणाला. त्याने स्वतःसाठी मरण मागितले. त्या क्षणी देवाने त्याला उपदेश केला नाही, विश्वास कमी पडला म्हणून दोषही दिला नाही. त्याला झोप लागू दिली, मग दूताने त्याला स्पर्श करून उठवले, तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. तो जेवला आणि पुन्हा झोपला, आणि देवाने त्याला पुन्हा झोपू दिले! दुसऱ्यांदा उठवले तेव्हा कारण सांगितले ते असे की पुढची वाट तुला झेपणारी नाही, म्हणून खा. होरेब डोंगर, तेथला वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरची शांत, मंद वाणी हे सगळे नंतरचे. आधी भाकर आणि झोप. आपण मात्र मागची बाजू पुढे करतो, आणि आधी मोठी प्रार्थना जमली पाहिजे, मगच विसाव्याचा हक्क मिळेल, असा नियम स्वतःवर लादतो.

आता आजोबांबद्दल सांगतो. हे मी तुला यापूर्वी पूर्ण सांगितलेले नाही.

1972 च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. त्याच्या आधीची दोन वर्षेही पाऊस धड झालेला नव्हता, आणि त्या वर्षी तर विहिरीचा तळ दिसला. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आम्हां मुलांना तेथे सुकडी हा कोरडा खाऊ मिळे, आणि घरी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरी होत. त्या वर्षीच्या खांदेमळणीला घरात तूप नव्हते. आजोबांनी तेलाचे चार थेंब हातावर घेऊन दोन्ही बैलांचे खांदे चोळले, आणि नंतर काही आठवड्यांनी चारा संपल्यावर त्यांना घोडेगावच्या बाजारात नेले. परत आले ते दोन दावी हातात घेऊन. त्या रात्रीपासून त्यांनी घरातली प्रार्थना चालवणे बंद केले. रोज संध्याकाळी शास्त्र वाचून प्रार्थना करणारा हा माणूस भिंतीला पाठ टेकून नुसता बसे, आणि प्रार्थना आजी करी. आजीने त्यांना एका शब्दाने विचारले नाही, पाळकसाहेब आले तेव्हा त्यांनीही विचारले नाही. ते आजोबांशेजारी भिंतीला टेकून बसले, पाणी प्यायले आणि निघून गेले. मला लहानपणी हे विचित्र वाटले होते. आज वाटते, त्या पाळकांएवढे शहाणे माणूस मी फार थोडे पाहिले.

1973 च्या पावसाळ्यात पाऊस आला. आजोबांकडे पैसे होते ते एकाच गोऱ्ह्यापुरते. एका बैलाने नांगर चालत नाही, कारण जू दोघांसाठीच केलेले असते. पलीकडच्या शिवारातल्या एका शेतकऱ्याची जोडीही अशीच दुष्काळात फुटली होती. त्याच्याकडे एक म्हातारा, अनुभवी बैल उरला होता. दोघांनी सावड केली. आमचा गोऱ्हा कोवळा, कधी जुवाला मान न दिलेला, आणि शेजारी तो शांत, रुंद खांद्याचा बैल. आजोबांनी जुवावरची नांगराचा दांडा बांधण्याची जागा मध्यावरून म्हाताऱ्या बैलाकडे थोडी सरकवली. असे केले की भाराचा मोठा वाटा जवळच्या बैलावर पडतो आणि लांबच्याला हलके जाते. गोऱ्हा आधी आडवा-तिडवा ओढत होता, मग त्या बैलाच्या पावलाला पाऊल देऊ लागला. मी बांधावर बसून हे पाहत होतो. त्या संध्याकाळी आजोबांनी किती महिन्यांनी तोंड उघडले आणि एवढीच प्रार्थना केली: "बापा, जोडीला कोणीतरी दिलेस." पुढे "आमेन" आजीने म्हटले.

मत्तयाच्या अकराव्या अध्यायातले वचन तुला पाठ आहे: "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." हे वचन आपण भिंतीवरच्या फलकावर लावतो आणि तेथेच थांबतो. मला नेहमी अडखळायला होई ते पुढच्या वाक्यापाशी, कारण विसावा देईन म्हणणारा प्रभू लगेच "माझे जू आपणांवर घ्या" असे म्हणतो. दमलेल्याला कोणी जू देतो का? जुवाला जोखड म्हणतात आणि जोखड हा शब्द आपण गुलामगिरीसाठी वापरतो. त्या शेताच्या बांधावर जे पाहिले ते आठवले तेव्हा मला या वचनाचा अर्थ लागला. प्रभू आपल्याला मोकाट सोडतो असे म्हणतच नाही. त्याचे जू म्हणजे ज्याच्या दुसऱ्या बाजूला तो स्वतः आहे असे जू, आणि भार त्याच्या बाजूला सरकवलेला आहे. ही माझी समजूत आहे, कोणा मोठ्या भाष्यकाराची नव्हे. पण ती मला तारून नेत आली आहे. "माझे जू सोयीचे" यातल्या "सोयीचे" या शब्दामागे मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यात भला, मायाळू असाही अर्थ आहे. शिवाय बोलणारा सुतार होता. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने येशू नांगर आणि जुवे बनवीत असे असे लिहून ठेवले आहे. जू खांद्याला नीट बसले नाही तर बैलाला काय होते, हे सुताराला सांगावे लागत नाही.

म्हणून तुझ्यावर आज जे आहे त्यातले प्रभूचे जू कोणते आणि माणसांनी वर टाकलेले कोणते, हे वेगळे कर. सासूबाईंची सेवा आणि आजाऱ्यांची शुश्रूषा हे मी प्रभूचे जू मानतो. कोणीतरी रजेवर आहे म्हणून आठवड्यातून तीनदा तुझ्या माथी मारलेली दुसरी पाळी मी प्रभूची मानत नाही. तिला नाही म्हणायला शीक, आणि ते म्हणताना आपण कमी ख्रिस्ती झालो असे वाटू देऊ नकोस. पडून राहूनही झोप लागेनाशी झाली किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जा आणि त्याच दिवशी मला कळव. तू इतरांना औषध देताना ते देवाच्या हातातून आले आहे असे मानतेस, मग स्वतः घेतानाही तसेच मान.

अशा वेळी लोक पंडिता रमाबाईंचे नाव घेतात, आणि तुझ्याही कानावर ते आले असेल. परंतु त्यांचे चरित्र दमलेल्या माणसावर चाबकासारखे उगारू नये असे मला वाटते. 1874 साली दुष्काळात आई-वडील गेले, 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती गेले, आणि तेव्हा पदरात वर्षाचीही नसलेली मनोरमा होती. वय तेवीस. एवढ्या दुःखानंतर ही बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुली आणि विधवांना घेऊन केडगावला आली. (नगरजवळचे केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातले, तू दरवेळी गोंधळ करतेस.) मात्र हे बळ त्यांना एकटीने उभे राहून आलेले नाही. सुंदराबाई पवारांसारख्या सहकारी स्त्रिया बरोबर होत्या, आणि पुढे मनोरमा मोठी होऊन आईच्या कामात उभी राहिली. त्या मनोरमेचे जुलै 1921 मध्ये निधन झाले. रमाबाई त्या वेळी संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून मराठीत आणण्याच्या कामाच्या शेवटाला पोचल्या होत्या. लेकीमागे त्या नऊ महिनेही राहिल्या नाहीत, 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. पण ते काम पुरे झाले. मी केडगावला रमाबाईंचे मुक्ती मिशन पाहायला गेलो होतो तेव्हा त्या शेवटच्या महिन्यांचा विचार माझ्या मनातून जाईना. त्या आईने रोज सकाळी कोणत्या मनाने ती पाने पुढे ओढली असतील! "तो माझा जीव ताजातवाना करतो" ही स्तोत्रातली ओळ मराठीत उतरवणारी व्यक्ती तिचा अर्थ कोशातून शिकलेली नव्हती.

प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत म्हणतेस, तर उसने घे. स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. तेवीसावे स्तोत्र जड जात असेल तर तेरावे वाच, ते "किती काळ" या प्रश्नानेच सुरू होते. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, आणि तरीही शास्त्रातून ते कोणी काढून टाकले नाही. तेवढेही जमले नाही तर कामावर जाताना बसमध्ये नुसती बस. आजोबा भिंतीला टेकून बसत तशी. तुझ्या वतीने इकडे आई रोज सकाळी प्रार्थना करते, "आमेन" म्हणायला मी आहे, आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत तुझे नाव न सांगता मंडळीतील भगिनींना विनंती केली आहे. तुझ्या पुण्याच्या मंडळीतील कोणी डबा आणून देऊ का म्हणून विचारले, तर संकोचाने नको म्हणू नकोस. एलीयाची भाकरही कोणीतरी आणूनच ठेवली होती.

शेवटी कामाचे. तुला पुढच्या आठवड्यात दोन दिवस सुट्टी आहे असे आई म्हणाली. छोट्याला घेऊन इकडे ये. सासूबाईंजवळ त्या दोन दिवसांसाठी तुझी मावशी जाऊन राहायला तयार आहे, जावईबापूंशी माझे बोलणे झाले आहे, आणि तिकिटाचे पैसे त्यांच्या खात्यावर पाठवले आहेत. त्याबद्दल ते काही बोलले तर मला फोन द्यायला सांग. येथे तुला कोणी काही विचारणार नाही. माळवदाखालच्या खोलीत खाट टाकून ठेवतो, तेथे दुपारीसुद्धा अंधार असतो, म्हणून झोप चांगली लागते. आईने डाळ निवडून ठेवली आहे, पुरणपोळी तू आल्यावरच होईल.

आत्ताच शेजारी बैलांच्या कानात ते नेहमीचे बोलणे सांगितले गेले. ऐकता ऐकता तुझीच आठवण आली, म्हणून तेच येथे लिहितो: आज आवतण घे, उद्या जेवायला ये.

तुझे,
बाबा