टक्केवारीवर सही करू नकोस

पुणे, रविवार

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली तीन महिन्यांची क्लाउडची, म्हणजे ॲमेझॉनकडून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरची, बिलं आणि ते सर्व्हर तुमच्या वतीने सांभाळू म्हणणाऱ्या त्या मॅनेज्ड सर्व्हिसेसवाल्यांचा प्रस्ताव, दोन्ही सावकाश वाचलं. फोनवर तू ‘हो की नाही, एवढंच सांग’ म्हणालास. काम बाहेर द्यायला हो, या कागदावर सही करायला नाही.

फीचं कलम बघ. तुमच्या मासिक बिलाच्या १२ टक्के. समजा बिल १८ लाख आलं, तर त्यांचे २ लाख १६ हजार. त्यांनी इमानेइतबारे राबून ते १२ लाखांवर आणलं, की त्यांचेच ७२ हजार गेले. मग बिल उतरवायची घाई कोणाला असणार आहे? त्यात ‘बिल’ म्हणजे जीएसटी धरून की वगळून, हे कुठेच लिहिलेलं नाही. १८ टक्के करावर आणखी १२ टक्के फी मोजायची म्हणजे कहरच की रे!

आता बिलाकडे. ‘एक्स्टेंडेड सपोर्ट’ अशी एक ओळ आहे, ती तुमच्या अकाउंट्सवाल्यांनी सपोर्टचा खर्च समजून सोडून दिली असणार. तो खरं तर दंडच आहे. तुमच्या ईआरपीचा, म्हणजे कंपनीचा सगळा व्यवहार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, डेटाबेस अजून मायएसक्यूएल ५.७ या जुन्या आवृत्तीवर आहे. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस-सेवेवर त्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट २९ फेब्रुवारी २०२४ ला संपला आणि दुसऱ्या दिवसापासून दर व्हीसीपीयूला (आभासी प्रोसेसरला), दर तासाला जादा पैसे सुरू झाले. ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या सर्व्हरांचा दर धरला तर पहिली दोन वर्षं तासाला १० सेंट, तिसऱ्या वर्षी दुप्पट. आठ व्हीसीपीयूच्या डेटाबेसला १० सेंटच्या दरानेच महिन्याला ५८४ डॉलर होतात, म्हणजे पन्नास हजार रुपयांच्या घरात. मल्टी-एझेड, म्हणजे दुसरीकडे तयार ठेवलेली जोडप्रत, चालू असेल तर त्या स्टँडबायचेही तेवढेच. मुंबई रीजनचा दर तू बिलात ताडून बघ. आणि एवढं मोजून हातात काय, तर जुनंच सॉफ्टवेअर.

अपग्रेड का झालं नाही, तेही मला माहीत आहे. ईआरपीवाला म्हणतो जुने रिपोर्ट मोडतील, आणि तुझी दोन माणसं महिनाअखेरीच्या गडबडीत त्याला हात लावायला धजत नाहीत. त्यांचंही चूक नाही. मॅनेज्ड सर्व्हिसेसचे पैसे वसूल होतात ते नेमके अशा कामात. डेटाबेसची जुळी प्रत उभी करायची, ती आधी ८.० आणि मग ८.४ वर न्यायची, तुमचे डिस्पॅचचे आणि जीएसटीचे रिपोर्ट तिच्यावर चालवून बघायचे आणि एखाद्या रविवारी रात्री अदलाबदल करायची. हे काम प्रस्तावात नावानिशी आणि तारखेसकट लिहून घे. ‘ऑप्टिमायझेशन’ या शब्दाखाली काहीही खपतं.

बाकीची गळती किरकोळ आहे, पण जागोजागी आहे. टेस्टचे सर्व्हर रात्रंदिवस चालू आहेत. आठवड्याचे तास १६८, तुमची माणसं शनिवार धरूनही फार तर ६० तास बसतात. रात्री ते आपोआप बंद होतील अशी सोय लाव. डिस्कचे पैसे तेव्हाही लागतातच, हे मात्र एमडींना आधीच सांगून ठेव, नाहीतर बिल बघून तुलाच धरतील. आणखी एक गंमत म्हणजे बंद केलेला आरडीएस सात दिवसांनी आपणहून उठून बसतो. दिवाळीच्या मोठ्या सुट्टीत ते लक्षात ठेव.

नॅट गेटवेचा, म्हणजे सर्व्हरांच्या बाहेर जायच्या दाराचा, आकडा बघून तर मी चष्मा पुसला. तुमचे रोजचे बॅकअप एस३ या ॲमेझॉनच्याच फाइलींच्या कोठारात जातात ते नॅट गेटवेतून, म्हणजे प्रत्येक जीबीला टोल भरत. एस३ साठी गेटवे एंडपॉइंट नावाचा थेट आतला रस्ता फुकट मिळतो. तो जोडून राउट टेबलात एक नोंद टाकली की संपलं. जुन्या जीपी२ प्रकारच्या डिस्क नव्या जीपी३ वर नेल्या की दर जीबीमागे २० टक्के वाचतात, तेही सर्व्हर बंद न करता. पब्लिक, म्हणजे इंटरनेटवरून दिसणाऱ्या, आयपी पत्त्याशिवाय सुखाने जगतील असे सर्व्हरही तसे पत्ते धरून बसलेत. फेब्रुवारी २०२४ पासून अशा प्रत्येक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लागतो. आकडा छोटा, पण घरात कोणी बघत नाही हे त्यावरून कळतं.

म्हणूनच त्यांची पहिल्याच महिन्यात तीन वर्षांचा सेव्हिंग्ज प्लॅन (ठरावीक वापराची हमी देऊन सवलत) घ्यायची सूचना मला पटली नाही. सवलत खरी आहे, पण ती सुजलेल्या वापरावर बांधून घेतलीस तर पुढे सर्व्हर बंद केले तरी पैसे भरायचेच. आधी साफसफाई, मग दोन महिने बिल स्थिर होऊ दे, आणि मग जो वापर कधीच खाली जात नाही तेवढ्याचाच प्लॅन घे, तोही एक वर्षाचा.

एमडींनी तुला ती ३७सिग्नल्स या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीची बातमी फॉरवर्ड केली म्हणालास. त्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये क्लाउड सोडतोय असं जाहीर केलं, हे खरं आहे. पण त्यांचं त्या वर्षीचं क्लाउडचं बिल ३२ लाख डॉलर होतं आणि सर्व्हर सांभाळणारी कसलेली टीम आधीपासून पदरी होती. तुमच्याकडे सातपूरच्या ऑफिसात एक एसी खोली आणि दोन पोरं. त्यांचं गणित आपल्याला लागू पडत नाही.

माणसांवरूनच सांगतो, खरी बचत तिथे आहे. चोवीस तास कोणीतरी जागं हवं तर रजा-आजारपण धरून पाचेक माणसं लागतात. ती नेमणं तुम्हाला परवडणार नाही आणि मिळाली तरी वर्षभरात पुण्याला पळतील. रात्रपाळी, पॅचेस, बॅकअप हे खुशाल त्यांना दे. फी ठरावीक ठेव, वर पहिल्या वर्षी सिद्ध झालेल्या बचतीतला ठरलेला वाटा, त्यालाही कमाल मर्यादा. बचत मोजायची ती दर हजार इन्व्हॉइसमागच्या खर्चावर. नाहीतर मंदीत प्लँट दोन आठवडे बंद राहिला, बिल आपोआप उतरलं आणि वाटा मागायला हे हजर!

क्लाउडच्या रूट, म्हणजे मुख्य, अकाउंटचा ईमेल, त्याचा एमएफए (लॉगिनची दुसरी पडताळणी) आणि बिलिंगचा ॲक्सेस कंपनीच्याच नावावर हवा. पटलं नाही तर उद्या निघता आलं पाहिजे. बॅकअप परत उभा करून दाखवायची चाचणी दर तिमाहीला, तुझ्यासमोर. ‘रिस्पॉन्स टाइम १५ मिनिटं’ याला भुलू नकोस. पंधराव्या मिनिटाला ‘तक्रार मिळाली’ एवढा मेसेज आला तरी अट पूर्ण होते. काम किती वेळात सुरळीत होईल, ते लिहून घे. आणि हे सगळं असलं तरी जबाबदारी तुझीच राहणार. रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांत बँकांना हेच बजावलंय. तुम्ही बँक नाही, पण सर्व्हर पडला की एमडी फोन त्यांना नाही, तुला करणार.

प्रस्तावाच्या पीडीएफवर लाल शेरे मारून वेगळी पाठवतोय. ती जशीच्या तशी त्यांना देऊ नकोस, दोनतीन शेरे फारच पुणेरी झालेत. बुधवारच्या मीटिंगआधी फोन कर. वहिनींना नमस्कार, आणि चिनूचा बारावीचा फॉर्म भरला का तेही कळव.

तुझा,
बंड्या