नहेम्याने ओटा झटकला

प्रिय शमू,
सप्रेम सलाम.

तुझ्या पत्राला चार महिने उत्तर दिलं नाही. रागावला असशील, पण आधी हे वाच. तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो.

परवाच्या शास्त्राभ्यासात बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय माझ्या वाट्याला आला. लोकांची शेतं गहाण, लेकरं गुलामीत. नहेम्या तिथला अधिपती, पण सावकारांना दानधर्म करा म्हणत नाही रे. शेतं, घरं, व्याज म्हणून घेतलेला शंभरावा हिस्सा आजच परत करा म्हणतो. उसनं देणाऱ्यांत तो स्वतःलाही धरतो! मग भर सभेत अंगरख्याचा ओटा, म्हणजे पुढचा घोळ, झटकतो, शब्द मोडील त्याला देव असाच झटकून टाको म्हणून. तिथे माझा आवाज अडकला. मी चर्चमध्ये गरिबांसाठी अर्पणाची थैली फिरवत होतो तेव्हा तू याच मुद्द्यावरून भांडला होतास. "माणूस गरीब का राहिला, हेही विचार," म्हणालास. मी आठवडाभर बोललो नव्हतो. तुझं बरोबर होतं.

मग मी तुझं ते कात्रण सांगितलं. १६ मे १९९८, बर्मिंगहॅम, जी-८ या आठ बड्या देशांची बैठक आणि भोवती सुमारे ७०,००० माणसांची साखळी. पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याला परत, हे बायबलातल्या लेवीय पुस्तकातलं योबेल वर्ष धरून गरीब देशांची कर्जं सोडा म्हणणारी माणसं. पुढच्या वर्षी जर्मनीत कोलोनच्या बैठकीत त्याच देशांना कर्जमाफी वाढवावी लागली. आजही ३ अब्जांहून जास्त माणसं अशा देशांत राहतात, जिथे सरकार शिक्षणावर किंवा आरोग्यावर खर्च करतं त्याहून जास्त व्याजात जातं.

एक जण म्हणाला, "चर्चमध्ये राजकारण नको." आणि शमू, मी पुस्तक मिटलं. नासरेथच्या सभास्थानात येशूने दीनांची सुवार्ता वाचली, बंदिवानांची सुटका वाचली, तेही राजकारणच का, एवढंच विचारायचं होतं. तीन रात्री तेच डोक्यात आहे. थैली फिरवणं मी सोडणार नाही, आज उपाशी असलेल्याला उद्याचा न्याय पुरत नाही. पण नुसती थैली फिरवून घरी जाणंही आता जमायचं नाही.

धाकटीला नोकरी लागली, वाचून फार आनंद झाला. वहिनींना सलाम. पुढच्या आठवड्यात पुन्हा माझीच पाळी आहे. ते कात्रण पाठव, आणि सोबत दोन ओळी लिही. तुझं अक्षर मी लावीन कसंतरी.

तुझा,
दानी