केग कापण्याआधी

वागळे इस्टेट, ठाणे
आषाढातला रविवार

प्रिय पक्या,

डेन्व्हरहून आलेली तुझी चिठ्ठी आणि फोटो मिळाले. बिअरचे केग, म्हणजे स्टेनलेसची पिंपं, कापून घरच्या बिअरसाठी मोठी भांडी करायचा तुझा बेत कळला. दोन केग, शेजारी कोरा करकरीत ग्राइंडर, आणि मागे गॅरेजच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या वहिनी. गाळ्यात सगळ्यांना फोटो दाखवले. आमच्या वेल्डरकाकांचा पहिलाच प्रश्न: "पिंप साहेबांच्या मालकीचं आहे ना?"

प्रश्न भाबडा वाटेल, पण मुद्द्याचा आहे. भरलेला केग घरी आणताना आपण जी अनामत भरतो ती केगची किंमत नसते. केग ब्रुअरीचाच, म्हणजे बिअर कारखान्याचाच राहतो, म्हणून तर वरच्या कड्यावर तिचं नाव ठोकलेलं असतं. अनामत बुडवली की केग आपला झाला असं समजून कापणारे बरेच असतात. तुझे केग ब्रुअरीनेच मोडीत काढून पावतीवर विकलेत म्हणतोस, मग हरकत नाही. पावती तेवढी जपून ठेव.

आता तुझ्या नकाशाकडे येतो. तीन मजली मनोरा काढलायस: वर गरम पाण्याचा केग, मधे माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) भिजवायचा, खाली उकळायचा. चित्र झकास आहे. डिप्लोमाला असतास तर सरांनी ड्रॉइंगला पैकीच्या पैकी दिले असते. पण मला विचारशील तर सध्या एकच केग काप. दुसऱ्याला हात लावू नकोस, तिसरा विकतच घेऊ नकोस.

कारण सांगतो. पाच गॅलनवरून दहा गॅलनच्या घाण्यावर जायचं म्हणजे मोठं भांडं आणायचं, एवढंच तुझ्या डोक्यात आहे. भांडं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. आमच्याकडे डेअरीवाले येतात, "शंभर लिटरची टाकी आहे, तशीच दोनशेची द्या" म्हणतात. टाकी आम्ही देतो. मग दोन महिन्यांनी पंप पुरत नाही, गार व्हायला वेळ लागतो, खालची फरशी खचते, असे एकेक फोन सुरू होतात. तुझंही तेच होणार. तेव्हा आधी वजन, आच आणि गारवा या तिघांचा हिशोब कर, ग्राइंडरचं नंतर बघू.

वजनापासून सुरू करू. तुझा केग साडेपंधरा गॅलनचा, म्हणजे ५८.६७ लिटरचा. दहा गॅलन बिअर हातात यायची तर उकळीच्या सुरुवातीला साधारण ४५ लिटर वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, लागेल. तासाभरात चार-पाच लिटरची वाफ होते, थोडा गाळ तळाशी राहतो. वर तेरा-चौदा लिटर जागा उरते, फेस वर यायला तेवढी हवीच. आता ४५ लिटर वर्टचे ४७ किलो आणि रिकाम्या केगचे तेरा-साडेतेरा किलो धर. झाले साठ किलो, तेही उकळते. एवढा ऐवज तू डोक्याच्या उंचीवर न्यायला निघालास! आमच्याकडे एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या, अँगलचे स्टँड सर्रास होतात, वेल्डिंग चांगलं असेल तर ते वजन पेलतीलही. पण उंच ठेवलेलं गरम भांडं पेलण्यासाठी नाही, कलंडण्यासाठी प्रसिद्ध असतं. केग गुडघ्याच्या खाली ठेव आणि वर्ट चढवायला अन्न चालणारा, उष्णता सोसणारा छोटा पंप घे. आणि भरलेला केग उचलायचा नाही, कोणाच्या मदतीनेही नाही.

आचेचा हिशोब मी कागदावर करून पाहिला. ४५ लिटर पाणी १५ अंशांवरून ९५ वर न्यायला साधारण ४.२ युनिट लागतात. (डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर. तुझ्याकडे पाणी ९५च्या आसपासच उकळतं. हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा त्यामुळे थोडा कमी उतरतो हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक.) म्हणजे साडेपाच किलोवॅटचं एलिमेंट लावलंस तर पाऊण तासात उकळी, तेही उष्णता वाया जात नाही असं धरून. तुमच्याकडच्या १२० व्होल्टच्या साध्या प्लगवर हे होणे नाही. २४० व्होल्टची वेगळी लाइन, अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारं ब्रेकर, हे सगळं परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घे. प्रोपेनचा बर्नर स्वस्त आहे, पण तो अंगणात. बर्फ पडतोय म्हणून गॅरेजचं दार अर्धं ओढून बर्नर पेटवायचा मोह तुला होणार, मी ओळखतो तुला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गारवा हा तुझा फायद्याचा भाग. थंडीत तुझ्या नळाला असं गार पाणी येतं की तांब्याच्या कॉइलमधून सोडलं की उकळलेला वर्ट भराभर गार होईल. इथे मे महिन्यात नळालाच जवळजवळ तीस अंशांचं पाणी, कितीही कॉइल गुंडाळली तरी त्याखाली जाणार कसं? फक्त पाच गॅलनची जुनी कॉइल दहाला पुरेल असं समजू नकोस. लांब घे, आणि वर्ट अधूनमधून हलवत राहा.

आता केग कापण्याकडे. हे मात्र नीट वाच, घाईत वाचू नकोस.

रिकामा केग रिकामा नसतो, आत गॅसचा दाब असतो. मधली दांडी, तुम्ही तिला स्पिअर म्हणता, दाब न सोडता काढायला गेलास तर ती गोळीसारखी वर येते. माणसं मेली आहेत याने. केग उभा ठेव, तुझं तोंड बाजूला ठेव, वरच्या व्हॉल्व्हवर जाड फडकं टाकून स्क्रू-ड्रायव्हरने बॉल दाब आणि फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत दाबूनच ठेव. मग पुन्हा एकदा दाबून बघ. त्यानंतरच ती गोल तारेची रिंग उचकटून काढायची, दांडी थोडी फिरवायची आणि ओढून घ्यायची. काही केगांना रिंगच नसते, दांडी आट्यांवर बसवलेली असते. तसा असेल तर जबरदस्ती करू नकोस, त्याचं हत्यार वेगळं असतं. आणि केग ॲल्युमिनियमचा नाही ना, हे लोहचुंबकाने ठरवू नकोस, कारण एसएस ३०४लाही, म्हणजे केगच्या स्टेनलेसलाही, चुंबक चिकटत नाही. वजनावरून आणि शिक्क्यावरून बघ.

वरचं भोक किती मोठं? तू बारा इंच लिहिलंयस, ठीक आहे. पण आधी झाकण विकत आण, मग भोक आख. सगळे उलटं करतात आणि मग झाकण शोधत गावभर हिंडतात. झाकण भोकापेक्षा बोटभर मोठं हवं. आखून झालं की पत्रा दीड-दोन मिलिमीटरचाच असतो, एक मिलिमीटरच्या डिस्कने लोण्यासारखा कापला जातो. डिस्क एसएसचीच घे, आणि तिने त्याआधी साधं लोखंड कापलेलं नसावं. लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुतले की तिथे गंज धरतो, मग लोक म्हणतात स्टेनलेस खोटं निघालं. तारेचा ब्रशसुद्धा एसएसचाच. पूर्ण गोल एकदम कापू नकोस. चार ठिकाणी बोटभर पूल सोड, बाकीचं काप, शेवटी एकेक पूल तोड, म्हणजे चकती अचानक आत कोसळणार नाही. काठ फ्लॅप डिस्कने इतका गुळगुळीत कर की वहिनींनी फडकं फिरवलं तर धागा अडकायला नको. चष्मा, हातमोजे, कानात बोळे. हाफ पँट घालून हे करायचं नाही.

आता नळाचं भोक. इथे तू दोन प्रश्न विचारलेस: वेल्डिंग करावं का, आणि इथून स्वस्तात व्हॉल्व्ह-सॉकेट पाठवू शकतो का.

दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही. आपल्याकडे पाइपचं सगळं बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचं, तुमच्याकडे अमेरिकन एनपीटी. अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे, त्यामुळे हाताने फिरवलं की बसल्यासारखं वाटतं. पण आट्यांचा कोन वेगळा, ५५ अंश आणि ६० अंश. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळ, गरम झालं की थेंब यायला लागतील. एक्स्पोर्टच्या कामात हा घोळ आम्ही रोज निस्तरतो. तिथेच घे, आणि बॉल व्हॉल्व्ह तीन तुकड्यांचा घे, म्हणजे खोलून धुता येईल. साध्या व्हॉल्व्हमध्ये बॉलच्या मागे जे साचतं ते बघितलंस तर बिअर सोडून देशील.

वेल्डिंगचं म्हणशील तर पहिल्यांदा नको. सिलिकॉनचे ओ-रिंग लावून नटाने आवळायची जोडणी मिळते, ती लाव. वेल्डिंग म्हणजे आर्गॉन, ३०८एल रॉड आणि आतल्या बाजूनेही आर्गॉन भरणं. आतून गॅस दिला नाही तर शिवणीच्या मागे काळा खरबरीत दाणा येतो. त्यात घाण बसते, गंजही तिथूनच सुरू होतो. डेअरीचं काम असं आलं तर आम्ही परत पाठवतो. तुझ्या गावात नुसत्या रेलिंग जोडणाऱ्याकडे गेलास तर नेमकं हेच मिळेल. वेल्डिंगनंतरचा निळा डाग काढायची पेस्ट असते, तिच्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ती घरात आणायची नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी.

भोक पाडताना स्टेप ड्रिल, कमी वेग, भरपूर कटिंग ऑइल आणि दाब. वेगात आणि हलक्या हाताने फिरवलंस तर पत्रा कडक होतो आणि ड्रिल नुसतं चकाकत बसतं. जागा तळाच्या वाटीवर नको, वाटी संपून भिंत सरळ होते तिथे घे. आतून डिप ट्यूब, म्हणजे तळातलं ओढून घेणारी वाकडी नळी, खालपर्यंत जाईल. बर्नर वापरणार असशील तर ज्वाळा बाजूने वर येऊन ओ-रिंग आणि व्हॉल्व्हची सीट भाजते, म्हणून नळाखाली पत्र्याचा छोटा आडोसा लाव.

दुसरा केग का कापायचा नाही, ते आता. त्यात बिअर आंबव. दांडी काढल्यावर जे तोंड उरतं त्यावर दोन इंची ट्राय-क्लॅम्प (पट्ट्याने आवळायची जोडणी) बसतो, ना वेल्डिंग ना ग्राइंडर. काचेच्या बरण्यांसारखा फुटत नाही, उजेडही आत जात नाही. तोटा एकच, आत हात जात नाही. गरम पाण्यात परकार्बोनेटची पावडर टाकून रात्रभर ठेव, मग टॉर्च टाकून बघ. ब्लीच मात्र चुकूनही नको, क्लोरीनने स्टेनलेसला टाचणीएवढे खड्डे पडतात. आणि आंबताना वायू बाहेर जायची वाट कायम मोकळी हवी. उकळीच्या भांड्यात थोडी ढिलाई खपते, कारण तिथे सगळं शिजूनच निघतं. गार झाल्यानंतरच्या भांड्यात ती अजिबात खपत नाही. तुझी काळजी, तुझा पैसा तिथे जाऊ दे.

माल्ट भिजवायला तुझी सहलीची मोठी आइसबॉक्सच वापर. दहा गॅलनला नऊ-दहा किलो माल्ट, ६६ अंशांवर तासभर धरायचा. उघड्या स्टेनलेसमधून उष्णता पळते, आइसबॉक्समधून पळत नाही. दिसायला केगच्या मनोऱ्याची शान नाही त्यात, हे मान्य.

तुला हेवा वाटेल अशी एक गोष्ट इथे नाही, आणि मला वाटतो अशी एक तिथे आहे. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टरनी सही केली, त्यानंतर तुमच्याकडे घरी बिअर करायला केंद्राची मुभा मिळाली: प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००. विकायची नाही एवढंच. म्हणजे दहा गॅलनचे वीस घाणे. वहिनी थेंबही घेत नाहीत, तरी त्यांच्या नावाचे शंभर गॅलन तू ढोसणार! इथे १९४९चा दारूबंदी कायदा, परवान्याशिवाय स्वयंपाकघरात बिअर केली तर गुन्हा. त्यामुळे बिअरबद्दल मी जे लिहिलं ते तुझ्याच जुन्या चिठ्ठ्यांतलं आणि वाचलेलं. भांड्याबद्दलचं मात्र हातातलं आहे, त्यात वाद घालू नकोस.

बाकी इथे पाऊस धो धो. आपल्या रस्त्यावरचा आणखी एक लेथवाला गाळा विकून गेला, तिथे म्हणे काचेची इमारत येणार. खाली कॉफीचं दुकान येईल आणि स्टूल आम्हीच बनवू.

भोक पाडण्याआधी खूण केलेल्या जागेचा फोटो पाठव, मापपट्टी शेजारी ठेवून. डिप ट्यूब मी वाकवून देतो, तिला आटे नसतात, त्यामुळे ती चालेल. आई दिवाळीनंतर तुझ्याकडे येतायत ना, त्यांच्या बॅगेत लाडवांच्या डब्याशेजारी मावेल. आणि त्या परत येतील तेव्हा अर्ध्या इंचाचा, आटे पाडायचा एक चांगला एनपीटी टॅप दे त्यांच्याबरोबर. माझा बोथट झालाय, आणि इथे मिळतात ते दहा भोकांत माना टाकतात.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या