त्या कवितेत ‘वीरांनो’ कुठून आलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, पहिल्या महायुद्धात लढलेल्या इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेनच्या ‘डल्के एट डेकोरम एस्ट’ या कवितेचा अनुवाद वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. आधी हे सांगते की मराठी पेपरात ही कविता आली याचा आनंदच झाला, अनुवादकांनी मेहनतही घेतलीये, एकेक ओळ वृत्तात, एकेक यमक चोख. पण त्या चोखपणानेच कवितेतली भीती घालवलीये.

मूळ कवितेत गॅस येतो तेव्हा कोणीतरी ओरडतं, ‘गॅस! गॅस! क्विक, बॉइज!’ त्यातला दुसरा गॅस कॅपिटल अक्षरांत आहे, म्हणजे पहिला नुसता तोंडातून निघाला आणि दुसऱ्या वेळी खरं काय ते कळलं. तुमच्याकडे छापलंय ‘विषवायू आला, वीरांनो, सावध व्हा’. अहो, ज्याला पुढचा श्वास मिळेल की नाही माहीत नाही तो ‘विषवायू’ म्हणेल का? आणि वीरांनो कुठून आलं? बॉइज म्हणजे पोरांनो! पोरंच होती ती, खुद्द ओवेन गेला तेव्हा २५ वर्षांचा होता. पुढे मास्क चढवतानाची धांदल आहे, तिथे त्याने शब्द वापरलाय फम्बलिंग, म्हणजे आपलं चाचपडणं, आणि अनुवादात ‘लगबगीने मुखवटे चढविले’. लगबग लग्नघरात असते हो.

आमचे नाना मराठा लाईट इन्फंट्रीत होते, डिसेंबर १९७१ ला बांगलादेशातल्या जमालपूरला. लढाईच्या गोष्टी ते आम्हाला रंगवून सांगायचे, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणताना भरल्या घरात आवाज घुमायचा. पण एक गोष्ट त्यांना कधीच धड सांगता आली नाही. रात्री खंदकात बसलेत, अंधारात समोरून येणार हे माहितीये, पाणी प्यायले आणि बाटलीचं झाकण परत लावायला गेले तर आटेच बसेनात. नाना सांगायचे, ‘झाकण लागेना... लागेना... मग पोरं...’ आणि तिथे थांबायचे, बोटं तशीच हवेत फिरवत राहायचे, मग आईकडे चहा मागायचे. मी ही गोष्ट वीसेक वेळा तरी ऐकली असेल, दरवेळी वाक्य त्याच ‘पोरं’वर तुटायचं. लहानपणी वाटायचं विसरतात. कॉलेजात ही कविता शिकताना फम्बलिंग शब्दापाशी आले आणि मला नानांची बोटं दिसली, तेव्हा कळलं की ते विसरत नव्हते.

म्हणून सांगते, भीती ही त्या कवितेच्या अर्थात जेवढी आहे तेवढीच ती ओळ कुठे मोडली, कुठे अडली त्यात आहे. पुढे तो मास्कच्या धुरकट काचेतून बघतो, हिरवट उजेड, जसं काही हिरव्या समुद्राखाली, आणि समोरचा माणूस बुडतोय, ड्राऊनिंग. मग मध्ये जागा सोडून दोनच ओळी वेगळ्या, की माझ्या सगळ्या स्वप्नांत तो माझ्या अंगावर येतो, घुसमटत, आणि परत ड्राऊनिंग! यमकाला यमक म्हणून तोच शब्द. शाळेत कोणी असं यमक जुळवलं तर बाई लाल रेघ मारतील, पण ज्याला रोज रात्री तेच दिसतं तो दुसरा शब्द आणणार कुठून. अनुवादकांनी ‘बुडाला’ला ‘जीव उडाला’ जुळवून ती चूक दुरुस्त केलीये. ती चूक नव्हती. त्याच ओवेनच्या ‘एक्सपोझर’ या कवितेत तर ‘नाइव्ह अस’ला ‘नर्व्हस’, ‘सायलेंट’ला ‘सेलियंट’ अशी जुळता जुळता राहिलेली यमकं आहेत, बर्फात रात्रभर वाट बघायची आणि ‘बट नथिंग हॅपन्स’, कशातच पाय टेकत नाही. असं लिहिणाऱ्याला काय यमक जुळवता येत नव्हतं?

अनुवादावरच्या टिपणात ‘युद्धकाव्य म्हणजे वीररस’ असं एक वाक्य आहे, तेही पटलं नाही. नऊ रसांत भयानक रसही आहे आणि कंप, स्वरभेद, म्हणजे हात कापणं नि आवाज फुटणं, या भीतीच्या खुणा आपल्याच रसशास्त्रात सांगितल्यात. ओवेनने हेच शब्दांकडून करून घेतलंय. तो १९१७ मध्ये आघाडीवरून शेल शॉक, म्हणजे लढाईतल्या माऱ्याने मनाला बसलेला धक्का, होऊन एडिनबराच्या क्रेगलॉकहार्ट हॉस्पिटलात आला आणि तिथे ही कविता लिहिली, आणि बरा झाल्यावर परत लढायला गेला. त्याला भित्रा कोण म्हणेल? आमच्या नानांना कोणी म्हणून बघावं.

अजून एक, फोटोखाली तो ११ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला असं छापलंय. ते चूक आहे. तो ४ नोव्हेंबरला गेला, फ्रान्समध्ये कालवा ओलांडताना. ११ तारखेला त्याच्या आईवडिलांना तार मिळाली, गावात युद्ध संपल्याच्या घंटा वाजत होत्या तेव्हा. एवढी दुरुस्ती कृपया छापा, आणि अनुवाद परत कुठे घेणार असाल तर बुडणं दोन्ही ओळींत राहू द्या आणि ‘वीरांनो’च्या जागी ‘पोरांनो’ करा.

आपली,
एक जुनी वाचक, कराड